आईच्या नावाने २५ लाख : आपल्या भागातल्या वैद्यकीय संशोधनाला देणगी देताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. भूम-परांडा पट्ट्यातल्या तीन भावंडांची आई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. तिच्या नावाने २५ लाख रुपये याच भागातल्या, याच आजारावरच्या संशोधनाला द्यायचे आहेत. एक भाऊ पुण्यात नोकरीला आहे, दुसऱ्याचा सोलापुरात व्यवसाय आहे, बहीण अमेरिकेची नागरिक आहे. एखादे यंत्र घेऊन द्यावे, की रक्कम कायम ठेवीत टाकून दरवर्षी व्याज द्यावे, की स्वतःचाच ट्रस्ट काढावा, असे तीन पर्याय त्यांच्यासमोर आहेत.

तिन्ही पर्याय बाजूला ठेवा. हे पैसे दोन वर्षांत, एका नेमक्या प्रश्नावर, मुख्यतः माणसांच्या पगारावर खर्च करा. असे का म्हणतो ते सविस्तर सांगतो.

आधी ठेवीचा हिशेब. २५ लाखांवर ७ टक्के व्याज धरले तर वर्षाला १ लाख ७५ हजार मिळतात. कनिष्ठ संशोधन अध्येत्याचे (जेआरएफ) केंद्र सरकारने ठरवलेले विद्यावेतन जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे, म्हणजे घरभाडे भत्ता सोडूनच वर्षाला ४ लाख ४४ हजार. तुमच्या व्याजात एक संशोधक पाच महिनेसुद्धा टिकत नाही, आणि महागाईमुळे दहा वर्षांनी तेवढेही उरणार नाही. अशा ठेवींचे शेवटी एखादे वार्षिक व्याख्यान किंवा सुवर्णपदक होते. त्याला माझा आक्षेप नाही, पण त्याला संशोधन म्हणता येत नाही. कायम निधी कोटींत असेल तरच विचार करावा.

यंत्राचे दुखणे वेगळे. नमुने साठवायचा उणे ८० अंशांचा फ्रीझर घेऊन देता येतो, पण त्याला अखंड वीज, जनरेटरचे डिझेल, वार्षिक देखभाल करार आणि रात्री अलार्म वाजला तर धावत जाणारा माणूस लागतो. रसायनांना मुदत असते आणि ती विकत घ्यायला दरवर्षी पैसे लागतात. देणगीच्या पत्रात हे काहीच नसते. मग यंत्रावर नावाची पाटी असते आणि यंत्र बंद असते. संस्थेकडे चालू प्रकल्प असेल, तंत्रज्ञ असेल आणि फक्त त्या एका यंत्रामुळे काम अडले असेल, तरच यंत्र द्या. तेव्हाही किमतीच्या किमान एक तृतीयांश इतकी रक्कम देखभालीसाठी वेगळी ठेवा.

स्वतःच्या ट्रस्टचा विचार तर पूर्णच सोडा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, दरवर्षी लेखापरीक्षण, आयकराची वेगळी नोंदणी आणि तिचे नूतनीकरण हे सगळे २५ लाखांसाठी करण्याची गरज नाही. चालू संस्थेत आईच्या नावाने राखीव निधी उघडता येतो आणि त्याचा ताळेबंद वेगळा मागता येतो.

आता पैसा माणसांवर का खर्चायचा ते सांगतो. आपल्याकडच्या ज्या संशोधनाने खरोखर काही बदलले, त्याच्या मुळाशी गावोगाव फिरणारी माणसे होती. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे ही पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांपर्यंत गेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदरपणाच्या आधीपासून बायकांची मोजमापे घ्यायला सुरुवात केली, आणि जन्मलेली मुले पुढची अनेक वर्षे पुन्हा पुन्हा मोजली. भारतीय बाळ वजनाला कमी पण चरबीला जास्त असते, हे त्यातून कळले. या दोन्ही कामांत सर्वांत महाग गोष्ट होती ती त्याच घरी परत जाण्याची.

तुमच्या भागाला तर या बाबतीत मोठा वारसा आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी कर्करोग नोंदणी सुरू केली. ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली ही देशातली पहिली नोंदणी. त्याच पायावर टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांच्यासोबत तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया आणि गावांचे ५२ गट त्यात होते. आयुष्यात एकदाच एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणी केली आणि दोष आढळलेल्यांवर उपचार केले, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये या जिल्ह्याच्या आकड्यांनी दाखवले. आज जगभर या चाचणीची जी शिफारस होते, तिच्या आधारांमध्ये धाराशिवच्या बायकांनी दिलेले नमुने आहेत. म्हणून ‘चाचणी उपयोगी आहे का’ हा प्रश्न तुम्ही पुन्हा विचारू नका. त्याचे उत्तर तुमच्याच गावांनी दिलेले आहे. उरलेला प्रश्न असा आहे की ती चाचणी कुणापर्यंत पोहोचत नाही आणि का.

इथे ऊसतोड आडवी येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. शिबिर डिसेंबरात घेतले तर ज्या बायकांना सर्वांत जास्त धोका, त्याच यादीतून गळतात आणि अहवालात मात्र ‘गावातील ८० टक्के महिलांची तपासणी’ असे लिहिले जाते. दुसरी गोष्ट, शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची कमी वयात गर्भाशये काढली गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यस्तरीय चौकशी समितीपर्यंत गेला होता. तुमच्या प्रश्नावलीत ‘पिशवी काढली आहे का, केव्हा, कशासाठी’ हे पहिल्या पानावरच हवे, नाहीतर ज्यांना ही चाचणी लागू आहे अशा एकूण स्त्रियांची संख्याच, म्हणजे भागाकाराखालची संख्याच, चुकते.

प्रश्न लिहिताना तो तुमच्या रकमेत बसतो का, हे पाहण्याचा एक सोपा हिशेब आहे. समजा, एखादी गोष्ट साधारण १० टक्के स्त्रियांत असेल आणि तुम्हाला ती दोन टक्के इकडे-तिकडे इतक्या अचूकतेने मोजायची आहे. साध्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून केल्यासारख्या) निवडीत ८६५ स्त्रिया लागतात. पण निवड गावांच्या गटांतून होते आणि एका गावातल्या बायका एकमेकींसारख्या असतात, म्हणून संख्या दुप्पट करायची : १,७३०. दहा टक्के नकार देतील किंवा भेटणार नाहीत, म्हणून जायचे सुमारे १,९२२ जणींकडे. एका एचपीव्ही चाचणीला नमुन्याच्या वाहतुकीसह समजा १,००० रुपये धरले, तर १,७३० चाचण्यांतच १७ लाखांहून जास्त जातात आणि दोष आढळलेल्या बाईच्या मागे जायला पैसे उरत नाहीत. संख्या मोठी दिसावी म्हणून संस्था असा प्रस्ताव देतातही. तो नाकारा.

त्याऐवजी असा प्रश्न घ्या : ऊसतोडीवरून परतलेल्या ५०० स्त्रियांना घरी स्वतःच्या हाताने नमुना घेण्याचे किट दिले, तर किती जणी नमुना देतात, आणि ज्यांच्यात विषाणू आढळतो त्यांतल्या किती जणी उपचारापर्यंत पोहोचतात, मध्ये कुठे थांबतात? दोन वर्षांचे अंदाजपत्रक ढोबळमानाने असे येईल. दोन आरोग्य कार्यकर्त्या, दरमहा १५,००० प्रमाणे, २४ महिने : ७ लाख २० हजार. एक समन्वयक, परिचारिका किंवा समाजकार्याची पदवीधर, दरमहा २८,००० : ६ लाख ७२ हजार. गाडीभाडे, पेट्रोल, फोन दरमहा १२,००० : २ लाख ८८ हजार. चाचण्या : ५ लाख. दोष आढळलेल्यांची पुढची तपासणी आणि उपचार : दीड लाख. उरलेले १ लाख ७० हजार नीतिसमितीचे (संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीचे) शुल्क, संमतीपत्रांची छपाई, माहितीचे विश्लेषण, लेखापरीक्षण आणि संस्थेचा प्रशासकीय खर्च यांना. बेरीज २५ लाख. प्रत्येक संस्थेचे वेतनाचे आकडे वेगळे असतील, पण प्रमाण साधारण हेच राहायला हवे : पगार आणि प्रवास मिळून दोन तृतीयांश.

उपचाराच्या त्या दीड लाखाला कात्री लावू देऊ नका. विषाणू आढळला असे सांगून बाईला घरी पाठवणे हा अन्याय आहे. दहातल्या एकीत विषाणू सापडेल असे धरले, तर ५०० मध्ये सुमारे ५० जणी होतात. प्रत्येकीमागे ३,००० रुपयांत कोल्पोस्कोपी (दुर्बिणीतून गर्भाशयमुखाची तपासणी), गरज असेल तर बायोप्सी किंवा जागेवरच उष्णतेने करायचा उपचार, आणि सोबत येणाऱ्या माणसाचे एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी हे सगळे बसवायचे आहे. प्रत्यक्ष कर्करोग निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या रुग्णालयात नोंद करायची हे आधी ठरलेले असावे. हेही स्पष्ट सांगतो की ५० जणींवरून ‘इतके टक्के स्त्रिया उपचार घेतात’ असा पक्का आकडा निघत नाही, त्यात १४ टक्के वर-खाली होऊ शकते. पण त्या कुठे आणि का थांबतात हे ५० मुलाखतींतून लख्ख दिसते, आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला तेच हवे असते.

आता संस्था कशी पारखायची. चांगली रुग्णसेवा आणि चांगले संशोधन या वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तम दवाखाना चालवणाऱ्या संस्थेला संशोधनाची शिस्त असेलच असे नाही. त्यामुळे कागद मागा. धर्मादाय आयुक्तांकडचे नोंदणी प्रमाणपत्र, आयकराची १२एबी (संस्थेच्या करमाफीची) आणि ८०जी (देणगीदाराच्या वजावटीची) नोंदणी व तिची मुदत, शेवटच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. प्रमुख संशोधकाचे नाव घालून पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर शोधा : गेल्या पाच वर्षांत काय छापले, ते तुमच्या विषयाशी जुळते का. नीतिसमिती नोंदणीकृत आहे का ते विचारा. औषधांच्या चाचण्यांसाठी ती केंद्रीय औषध नियंत्रकांकडे आणि इतर आरोग्य संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदवलेली असावी लागते. अभ्यासात उपचारांची तुलना असेल तर पहिली सहभागी येण्याआधीच त्याची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत व्हायला हवी, कारण निकाल नकोसा आला तरी नोंद मिटवता येत नाही. आणि एक प्रश्न जरूर विचारा : तुमचा कोणता अभ्यास फसला आणि का? याचे सरळ उत्तर देणाऱ्या संशोधकावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

करार चार-पाच पानांचा पुरे, पण त्यात काही गोष्टी हव्यातच. पैसे तीन हप्त्यांत द्या : नीतिसमितीची मंजुरी हाती आल्यावर ४० टक्के, पहिल्या वर्षाचा अहवाल आणि सीएचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचे) आल्यावर ४० टक्के, विश्लेषण पूर्ण झाल्यावर २०. शेवटचा हप्ता त्याहून मोठा ठेवू नका, कारण कार्यकर्त्यांचे पगार दर महिन्याला द्यायचे असतात आणि तुमचा हप्ता लांबला की आधी त्यांनाच झळ बसते. खर्चाचे स्वतंत्र शीर्ष असावे. एका शीर्षातून दुसऱ्यात १० टक्क्यांपर्यंत हलवायची मुभा संशोधकाला द्या, त्यापुढे लेखी विचारणा. प्रशासकीय खर्चाला ५ ते १० टक्के द्यावेत, शून्याचा हट्ट धरू नये. वीज, हिशेबनीस आणि खोलीचे भाडे कुणीतरी भरतच असते, आणि ते दाखवायला जागा नसली की खोट्या प्रवासखर्चात शिरते. मूळ संशोधक सोडून गेला तर काय, उरलेली रक्कम परत की पुढच्या टप्प्याला, हेही लिहून ठेवा.

देणगीदार म्हणून स्वतःवर घालायच्या मर्यादाही त्याच करारात घाला. सहभागी स्त्रियांची नावे, त्यांची गावासह यादी किंवा त्यांच्या तपासणीचे अहवाल तुम्हाला मिळणार नाहीत. ओळखीच्या गावात ‘कुणाकुणाला निघालं’ हे विचारण्याचा मोह घरच्यांनाही होतो. निष्कर्ष काय लिहायचे यात तुमचा शब्द नाही, पण निकाल काहीही आला तरी तो प्रसिद्ध करण्याचे बंधन संस्थेवर घालायचा हक्क तुम्हाला आहे. नात्यातला डॉक्टर त्या प्रकल्पात पगारी नसावा. संमतीपत्र मराठीत, बोलीत वाचून दाखवता येईल असे हवे. इंग्रजीतून शब्दशः उतरवलेले ‘सहभागीस कोणताही पूर्वग्रह न होता माघार’ असले वाक्य कुणालाच कळत नाही. ‘मध्येच नको वाटलं तर सांगा, तुमचा दवाखान्यातला इलाज थांबणार नाही’ असे लिहायला लावा.

कराचे गणित तिघांचे वेगळे आहे. ओळखीची म्हणून खाली १९६१ च्या कायद्यातली कलमे सांगतो. आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत, ते सीएकडून जुळवून घ्या.

पुण्याच्या भावाने नवी करप्रणाली घेतली असेल तर देणगीवर वजावटच नाही. जुनी प्रणाली असेल तर ८०जी खाली अशा संस्थेला दिलेल्या रकमेच्या ५० टक्के वजावट मिळते, पण पात्र देणगी समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच धरली जाते. उत्पन्न ३० लाख असेल तर मर्यादा ३ लाखांची आणि वजावट दीड लाखाची. एकाच वर्षात ८ लाख दिले तरी तीच. त्यामुळे हप्ते वेगवेगळ्या आर्थिक वर्षांत पडतील असे पाहा, प्रकल्पालाही ते सोयीचेच आहे. संस्थेला वैज्ञानिक संशोधनासाठी कलम ३५(१)(दोन) ची मान्यता असेल तर व्यवसाय करणाऱ्या भावाला त्या कलमाखाली पूर्ण १०० टक्के वजावट मिळते, आणि व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या भावाला ८०जीजीए खाली. इथेही जुनी प्रणाली लागते. रोख २,००० रुपयांच्या वर देऊ नका, वजावट मिळत नाही. बँकेतूनच द्या. नुसती पावती पुरत नाही : संस्थेने १०बीडी विवरण (देणगीदारांची यादी) भरून १०बीई प्रमाणपत्र (देणगीचा दाखला) द्यावे लागते, आणि त्यात पॅन चुकला तर वजावट अडकते. ते विवरण ३१ मे पर्यंत भरायचे असते, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रमाणपत्र मागून घ्या.

‘शंभर टक्के वजावटीची पावती देतो, त्यातले बरेचसे पैसे रोखीने परत’ असे सांगणारे दलाल भेटतील. कोलकात्यातल्या काही संस्थांच्या अशा व्यवहारांत मान्यता रद्द झाल्या आणि पावत्या घेणाऱ्यांना वर्षांनंतर नोटिसा गेल्या. फोन तिथेच ठेवून द्या.

बहिणीचा पैसा सर्वांत जपून हाताळायचा आहे. ती अमेरिकेची नागरिक असल्याने, तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, तिची देणगी कायद्याने विदेशी योगदान ठरते. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायदा) खालची नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या संस्थेच्या नियुक्त खात्यातच यायला हवी. तिने भावाच्या खात्यावर पाठवायचे आणि भावाने आपल्या नावाने द्यायचे, ही युक्ती घरोघरी सुचते. करू नका : विदेशी स्रोताकडून मिळालेला पैसा मधल्या माणसामार्फत आला तरी तो विदेशी योगदानच मानला जातो, आणि अडचणीत येते ती संस्था. शिवाय एक एफसीआरए संस्था तो निधी दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेकडेच नोंदणी हवी. तिला अमेरिकेत करसवलत हवी असेल तर थेट भारतात न पाठवता महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या तिथे नोंदलेल्या धर्मादाय संस्थेमार्फत, आधी बोलून, पाठवावे. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी नातेवाईक मात्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ते विदेशी योगदान नाही. संस्था अशा वेळी पासपोर्टची प्रत मागते, ती द्यावी.

नाव लावण्याबद्दल. आईचे नाव प्रकल्पाला देता येते, कृतज्ञतेची पाटीही लावता येते. त्यात कुणाच्या व्यवसायाची जाहिरात नसेल तर जीएसटीचा प्रश्न येत नाही, हे ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. सोलापूरच्या भावाच्या दुकानाचे नाव आणि फोन नंबर पाटीवर आला की ते प्रायोजकत्व होते आणि जीएसटीचा प्रश्न येतो.

वेळेचा हिशेब उलटा मांडा. ऊसतोडीवरून परतलेल्या बायका एप्रिल ते सप्टेंबर गावात भेटतात, त्यातही जूनची पेरणी सोडून, आणि संध्याकाळी सातनंतर. म्हणजे कार्यकर्त्या मार्चअखेर तयार हव्यात. त्यांची निवड आणि प्रशिक्षण यांना दोन महिने, नीतिसमितीच्या मंजुरीला दोन ते चार महिने, त्याआधी प्रस्तावावर बसायला एक. त्यामुळे संस्थेला पहिले पत्र ऑगस्टमध्ये जायला हवे. पत्रात रक्कम, दोन वर्षांची मुदत, वरचा प्रश्न आणि दोनच विनंत्या लिहा : ज्या गावांत काम करणार त्यांची यादी, आणि शेवटचा अहवाल छापण्याआधी त्याच गावांच्या ग्रामसभेत मराठीतून सांगण्यासाठी अंदाजपत्रकात २०,००० रुपयांची वेगळी ओळ.